बावीस नंबरचा वाफा

"आई, काय सांगू हिला? किल्ली परत करतोय, असंच ना?" लेकीने विचारलं.

बाईंच्या मुठीत सार्वजनिक बागेच्या फाटकाची किल्ली होती. समोर वहीवाली उभी. बागेतले वाफे रहिवाशांना वाटायचे आणि महिनाभर ज्यात काही पिकलं नाही तो काढून घ्यायचा, हे तिचं काम. बावीस नंबरचा वाफा गुडघाभर तणाने भरला होता.

वाफा यजमानांचा. जन्मभर बस चालवलेला माणूस लेकीकडे परदेशात आला आणि महिन्याभरात शेजारच्या वाफ्यातल्या दाढीवाल्याशी हातवारे करून गप्पा ठोकायला लागला. ओळख ना देख, भाषेचा तर पत्ताच नाही. "हातात फावडं असलं की भाषा कशाला लागते?" म्हणायचे. बाई मात्र घरात खिडकीपाशी बसून असायच्या, इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेले हात मांडीवर ठेवून. सहा आठवड्यांपूर्वी यजमान गेले. बाई रडल्या नाहीत. आतून सगळं बधिर झालं होतं आणि त्याचंही त्यांना वाईट वाटत नव्हतं.

"सांग," बाई म्हणाल्या. मग खाली वाकल्या. एका पानामागची पांढरी पूड बोटाला लागली. "थांब गं. हा चाकवत आहे."

"अगं, तण आहे ते. आपोआप उगवलंय."

"पेरलाय म्हणून सांग."

"धडधडीत खोटं?"

"तुझे बाबा उठता-बसता थापा मारायचे. तू एक मार."

लेकीने सांगितलं. वहीवालीचा विश्वास बसेना. असलं कोणी खातं का? बाईंनी चार पानं तोडली आणि तिच्यादेखत चावून गिळली. चव कळलीच नाही. वहीवालीनेही एक पान तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, हसली आणि काहीतरी बोलली.

"पुढच्या रविवारी शिजवून आणाल का, विचारतेय."

"आणते म्हण."

किल्ली पर्समध्ये परत गेली. शेजारचा दाढीवाला न बोलावताच पाण्याची झारी घेऊन आला. कुठे घालायचं ते बाईंनी त्याला बोटाने दाखवलं, मग खाली बसून चाकवत खुडायला लागल्या.

"आई, पण चाकवत बाबाच खायचे. तुला तर तो कधीच आवडला नाही."

"मेलं गवत आहे ते," बाई म्हणाल्या. डोळे कोरडेच होते. देठाला देठ जुळवत त्यांनी दुसरी जुडी बांधायला घेतली.