पाठ फिरवण्याची पद्धत

प्रेमाने जग जिंकता येतं. माझ्या नवऱ्याला हे गेल्या महिन्यात एका मंगळवारी समजलं. त्याआधी बावीस वर्षं तो तेच काम आवाज चढवून करत होता. तो घोडे शिकवतो. एका बिथरलेल्या घोडीने तबेल्याच्या मॅनेजरला पाण्याच्या हौदात बसवलं, तेव्हा सगळ्या प्रशिक्षकांना पाच दिवसांच्या वर्गाला धाडण्यात आलं. तिथून हा एक वही आणि एक मऊ आवाज घेऊन परतला.

घोडीपुरतं ठीक होतं. पण मऊ आवाज घरातही निघाला, तेव्हा मी सावध झाले.

आमच्याकडे एक जादा खोली आहे. तिथे माझं टेबल आहे आणि दाराला आतून कडी आहे. एवढीच माझी जहागीर. तिच्यावर नणंदबाईंचा डोळा असल्याचा मला वर्षभर संशय होता.

बुधवारी नवरा दारात येऊन तिरका उभा राहिला. माझ्याकडे न बघता मोठा श्वास सोडला आणि गेला. गुरुवारी एक पाऊल आत आला.

"काय हवंय?"

"काही नाही गं. चालू दे तुझं."

बावीस वर्षांत हा माणूस असं बोलला नव्हता. शुक्रवारी त्याने कोपऱ्यात घडी केलेलं ब्लँकेट ठेवलं. त्याला तबेल्याचा वास होता, पण तो तर नवऱ्यालाही असतो.

तो आंघोळीला गेल्यावर मी वही उघडली. 'भीतीची वस्तू आधी नुसती दिसेल अशी ठेवावी. घोडी बिचकली तर पाठ फिरवून चालू लागावं. ती आपणहून मागे येते.'

तो बाहेर येताच मी विचारलं, "ताई राहायला येणार आहेत ना?"

त्याने पाठ फिरवली आणि स्वयंपाकघराकडे निघाला.

"अरे, मी तुझ्याशी बोलतेय!" म्हणत मी थेट ओट्यापर्यंत गेले. तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

"शाब्बास," तो मऊ आवाजात म्हणाला.

"मी काय घोडी आहे?"

"छे! ती अजून दाद देत नाहीये."

रविवारी ताई तीन बॅगा घेऊन आल्या. माझं टेबल बाहेर, सोफ्याच्या पाठीला गेलं. सोमवारी सकाळी ताई अंगभर खाजवत उठल्या आणि दुपारच्या बसने परत गेल्या. रात्री त्यांनी पांघरलेलं ते ब्लँकेट घोडीचं होतं.

मंगळवारी डॉक्टरने घोडीवर पिसवांचं औषध फवारलं. तेव्हापासून ती कुणालाही पाठीवर बसू देते.