आज तुला सुट्टी

डॉक्टर हॅन्सन बाईंनी टेबलावरचा फोन उचलला, तसा ओतिलियाने हात आडवा केला.

"नको नको," ती म्हणाली आणि मुलीकडे वळली. "सांग त्यांना. फोनवरची दुभाषी बाई आम्हाला कशाला? घरची आहे की."

यारेलीने आईचं ते स्पॅनिश इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरबाईंचा हात फोनवरच राहिला. त्यांनी यारेलीला हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. यारेलीने खांदे उडवले, होकाराची मान हलवली. फोन जागेवर गेला.

ओतिलियाला बरं वाटलं. सफरचंदांच्या शेडमध्ये तिच्यासोबत सरकत्या पट्ट्यावर फळं निवडणाऱ्या बायकांना दवाखान्यात आलं की त्या फोनशी बोलावं लागे. तिला कधीच नाही. दुधाचे दात पडत होते तेव्हापासून यारेली घरमालकाशी, बँकेशी, धाकट्या भावाच्या शाळेशी बोलत आली होती. "माझं तोंड पोरीकडे ठेवलंय, म्हणून मी गप्प असते," असं ओतिलिया शेडमध्ये सांगायची. त्यावर बायका म्हणायच्या, "तू गप्प? मग बोलकी कशी असते गं?"

आता यारेली पंधराची होती. गेला महिनाभर ती वर्गात बाकावर डोकं ठेवून पडून असायची. ताटातलं तसंच राहायचं. शाळेने निरोप पाठवला, दवाखान्यात न्या. ओतिलियाचं निदान आधीच झालं होतं : अंगात रक्त नाही. रोज सकाळी ती पोरीला बीट आणि संत्र्याचा रस देत होती. तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानमध्ये, तिच्या आईने तिला तोच देऊन उभं केलं होतं.

डॉक्टरबाईंनी आधी यारेलीला एकटीलाच आत घेतलं होतं. बराच वेळ त्या दोघीच बोलत होत्या. मग ओतिलियाला बोलावलं. आता डॉक्टरबाई आणि ओतिलिया समोरासमोर बसल्या होत्या आणि यारेली मधल्या स्टुलावर, तिच्या नेहमीच्या जागी.

डॉक्टरबाई बोलू लागल्या. यारेलीकडे बघून नव्हे, ओतिलियाकडे बघून. सावकाश, थांबत थांबत. मध्येच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"काय म्हणतात?"

यारेलीने स्वेटरची बाही ओढून बोटं आत घेतली. "रक्त कमी आहे म्हणतात. रस चालू ठेवा."

"बघ. मी सांगत नव्हते?"

पण ओतिलिया हसली नाही. बिटाच्या रसाबद्दल बोलताना कुणी असं खुर्ची ओढून जवळ येत नाही. आणि दुसरंही काहीतरी होतं, ते पोरीच्या आवाजात होतं. सपाट आवाज, रेडिओवर हवामान सांगतात तसा. हा आवाज तिने पूर्वी एकदा ऐकला होता, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिच्या नवऱ्याची, फिदेन्सियोची, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, हे डॉक्टरांनी यारेलीला सांगितलं होतं आणि यारेलीने बापाला. एक शब्द गाळला नव्हता, की रडली नव्हती. सगळे तिचं कौतुक करत घरी आले होते. त्या रात्री भात तिनेच टाकला होता.

तेव्हा तिला कुणी काही विचारलं होतं का? ओतिलियाला आठवेना. आठवेना, कारण विचारलंच नव्हतं.

ती उठली. फोन उचलून तिने डॉक्टरबाईंपुढे धरला. तिच्याजवळ इंग्रजी होतं तेवढं सगळं तिने काढलं. "प्लीज. लेडी. टेलिफोन."

"आई, काय करतेस? मी सांगतेय ना."

"ऊठ तिथून. इकडे ये, माझ्याजवळ बस."

"मग बोलणार कोण?"

"ती बाई. पगार घेते ना? बोलू दे की तिला. आज तुला सुट्टी."

यारेली उठली नाही. ओतिलियाने मग स्टुलासकट तिला आपल्याकडे ओढलं. स्टुलाची चाकं कुरकुरली.

फोनमधून बाईचा आवाज आला. स्पॅनिशच बोलत होती, पण कुठल्यातरी बेटावरची असावी, शब्दांची शेपटं गिळत होती. "बोला सिन्योरा, मी ऐकतेय."

डॉक्टरबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ती बाई एकेक वाक्य या खोलीत आणून ठेवू लागली.

"डॉक्टर म्हणतात, तुमच्या मुलीने आज त्यांना सांगितलं की तिला जगणं नकोसं झालंय. मरणाचे विचार येतात... तुम्हाला हे कळायला हवं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय... तिने हे बोलून दाखवलं, हे फार चांगलं केलं. यावर उपचार आहेत. आज दुपारीच तिला भेटायला एक समुपदेशक येतील, तोवर तिला एकटं सोडायचं नाही."

ओतिलियाच्या जिभेवर आलं, तुला काय कमी आहे घरात? बाप डायलिसिसच्या मशीनला बांधलेला, तो नाही असं बोलत. तिने ते गिळलं. गळ्यातलं ग्वादालुपे मातेचं पदक मुठीत धरलं, मग सोडलं आणि त्याच हाताने पोरीची बाही वर सारून आतली बोटं बाहेर काढली. थंडगार होती.

"पोरी, मरावंसं वाटतं तुला?"

यारेलीने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. सवयीने तिचे ओठ हललेही, तो प्रश्न त्यांना सांगायला. पण फोनमधल्या बाईने तो केव्हाच सांगून टाकला होता. तिला करायला काही उरलं नव्हतं.

"कधी कधी," ती म्हणाली. आणि मग, "दमले गं आई."

"कशाने?"

"वाईट काही असलं की ते आधी माझ्याकडे येतं. मग मी ते तुम्हाला सांगते. तुम्ही रडता. आणि मी..." तिचा आवाज फाटला. आता तो हवामानाचा राहिला नव्हता. "मला वाटलं, हेपण मीच सांगायचं."

"नाही," ओतिलिया म्हणाली. "हे तू सांगायचं नव्हतंस. मी विचारायचं होतं."

यारेलीने कपाळ आईच्या खांद्यावर टेकलं आणि तिथेच तोंड लपवून बोलू लागली. भराभर, अर्धं रडत, अर्धं नाक ओढत. शाळेतलं, रात्रीचं, बापाच्या खोलीबाहेर उभं राहण्याचं. ओतिलिया तिच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिली.

डॉक्टरबाई फोनकडे बघत होत्या.

"सिन्योरा," फोनमधली बाई हळूच म्हणाली, "हे डॉक्टरांना सांगू का?"

"थांबा जरा," ओतिलिया म्हणाली. "ती माझ्याशी बोलतेय."