न वाळणारी बाई

गोपाळराव कचेरीतून निवृत्त झाले आणि खामगावच्या त्यांच्या घरात कचेरी भरू लागली. चष्मा कुठे, चहा झाला का, गॅस बंद केला का, आता काय करतेस, मग काय करणार? दर दहा मिनिटांनी शारदाबाईंच्या नावाची हाक. वर्षभर त्यांनी सोसलं. मग मलकापूरला लेकीकडे, रेवतीकडे, आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या, त्या चार महिने झाले तरी परतल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, “इथं मले कोणी हाका मारत नाही. तुम्ही आधी एका जागी बसाले शिका.”

बसायला शिकायचं म्हणून गोपाळराव चित्रकलेकडे वळले. ज्या माणसानं जन्मभर सहीपलीकडे काही रेखाटलं नाही, त्यानं एकदम तैलरंगांना हात घालावा हे जरा अतीच. पण गल्लीत राहणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षिका दीपमाला मॅडम म्हणाल्या, जुन्या चित्राची नक्कल करा, मन थाऱ्यावर येतं. त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक डच चित्र छापून दिलं. एक खोली, डावीकडे खिडकी आणि खिडकीपाशी पत्र वाचत उभी असलेली बाई.

“काका, एक थर लावायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई करायची नाही,” मॅडमनी बजावलं.

म्हणजे नेमकं जे जमत नव्हतं तेच करायला सांगितलं. मधल्या खोलीत ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, उभं राहिलं. गोपाळराव थर लावत आणि तासाभरात बोट लावून बघत. भिंतीवर बोटं, खिडकीवर बोटं. तरी तीन महिन्यांत खोली उभी राहिली. फरशीचे चौकोन तर मॅडमनाही आवडले. बाई तेवढी राहिली होती, आणि रेवतीचा फोन आला. आई पुढच्या रविवारी गरम कपडे न्यायला येते आहे, पाचच्या गाडीनं परत.

गोपाळरावांनी लगेच ब्रश उचलला. पुरं झालेलं चित्र पाहिलं की हा माणूस बसू शकतो हे शारदाला पटेल, मग ती राहील, असा त्यांचा हिशेब. नेमकं रंगात कालवायचं जवसाचं तेल संपलेलं. दुकानापर्यंत जायला धीर कुठला? त्यांनी स्वयंपाकघरातून फल्लीतेलाची, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाची, वाटी आणली. तेल ते तेल.

बाई वाळेना. पंखा लावला, उन्हात ठेवली. भिंत खडखडीत, बाई ओलीच. शनिवारी दीपमाला मॅडमनी बोट टेकवलं, वास घेतला आणि हसू दाबलं.

“काका, हे फोडणीचं तेल आहे. हे वर्षभर वाळणार नाही. खरवडून काढा.”

बाईला सुरीनं खरवडताना गोपाळरावांना रडू आलं. कितीतरी वेळ ते तसेच रडत उभे होते.

रविवारी शारदाबाई आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी शेजारी टाचलेला छापील कागद पाहिला, मग चित्र.

“याच्यातली बाई कुठं गेली?”

“खरवडली. वाळतच नव्हती.”

“पत्र कोणाचं होतं तिले?”

चित्रातल्या बाईच्या बाहीच्या चुण्यांशी गोपाळराव आठवडाभर झुंजले होते. पत्र कोणाचं हे कधी मनात आलंच नाही. “ते काही मी पाह्यलं नाही.”

“तुम्ही काऊन पाहसान,” शारदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

जेवलीस का, रेवती काय म्हणते, राहणार की जाणार, असे दहा प्रश्न गोपाळरावांच्या जिभेवर आले होते. नऊ त्यांनी गिळले.

“शारदा, तुले काय पाह्यजे?”

शारदाबाई चित्राकडे बघतच म्हणाल्या, “अशी एक खोली. आतून कडी लागते अशी.”

घरात चांगला उजेड येणारी खोली एकच, ईझल होतं ती मधली. ईझल, रंग, चिंध्या, सगळं गोपाळरावांनी चार खेपांत ओसरीवर नेलं. शारदाबाईंनी पिशवी उचलली, आत गेल्या आणि कडी लावली.

पाच वाजले, गाडी निघून गेली. आत शारदाबाई काय करत आहेत ते कळायला मार्ग नव्हता आणि दार वाजवायला गोपाळरावांचा हात शिवशिवत होता. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला.