तक्त्यावरची शेवटची ओळ

चष्मेवाल्याची लेक गेम खेळायची आणि तो शेजारी बसून पडद्यावरची अक्षरं तिला वाचून दाखवायचा. दुकान बंद करून आला, हातपाय धुतले, की थेट तिच्या खोलीत. तिच्या नजरेचा घेर आवळत चालला होता. नळकांड्यातून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसे, आणि बारीक अक्षरं तर आताशा तिथेही धूसर होत. अजून किती दिवस दिसेल, हे विचारू नका, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

गेममधल्या राज्यातला सूर्य कधीचा मावळला होता. तो डोंगरामागे अडकलाय असं सगळे म्हणत, म्हणून एक मुलगी कंदील घेऊन डोंगराकडे निघाली होती. वाटेत भेटेल त्याला ती आपल्या ज्योतीवर दिवा पेटवून देई.

"बाबा, तुझा राक्षससुद्धा 'आता खालची ओळ वाचा' अशा आवाजात बोलतो," लेक चिडवायची.

"त्यालाही चष्मा लागला असेल."

"अहो, माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर तुमच्या जिवावर येतं," आई स्वयंपाकघरातून ओरडे, "आणि तिथे भुताखेतांची बाजू घेऊन भांडताय!"

लेकीचा हट्ट एकच होता. "सूर्य उगवताना मला बघायचाय. डोळे आहेत तोवर."

त्या संध्याकाळी गेममधली मुलगी माथ्यावर पोचली. संगीत थांबलं. तिथे बसलेल्या म्हातारीच्या तोंडची ओळ पडद्याच्या तळाशी उमटली : 'सूर्य इथे नाही. तो येणारही नाही.'

चष्मेवाल्याने ती ओळ मनातच दोनदा वाचली.

"वाच ना, बाबा."

"ती म्हणतेय... बघ, सूर्य उगवतोय."

लेक पडद्याकडे तोंड करून तशीच बसली. "मग उजेड कुठाय?"

"येईल हळूहळू."

"बाबा, उजेड मला अजून कळतो."

त्याने पडद्यावरची नजर खाली वळवली.

"खोटं वाचलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच ओशाळला. "मीही वाचायचे. दुकानात."

"काय वाचायचीस?"

"तुझा डोळे तपासायचा तक्ता. लहानपणापासून तोच एक. शेवटची ओळ मला पाठ होती. दिसेनाशी झाली तरी म्हणून दाखवायचे. तू शाब्बास म्हणायचास ना, ते आवडायचं."

परक्या पोरांचे डोळे तपासताना तो ओळ उलटीकडून म्हणायला लावी, मधलंच एखादं अक्षर विचारी. मुलं तक्ता पाठ करतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लेकीला मात्र त्याने उलटी ओळ कधी विचारलीच नव्हती. ती धडाधड म्हणे आणि त्याचं काळीज सुपाएवढं होई. दुखणं ध्यानात आलं तेव्हा बराच उशीर झाला होता.

"आता नीट वाच," ती म्हणाली. "आहे ते."

त्याने वाचलं. "सूर्य इथे नाही. तो येणारही नाही." पडद्यावर पुढची ओळ आली. "खाली बघ."

"खाली काय आहे?"

"अंधार. आणि तू वाटेत पेटवून दिलेले दिवे."

"सगळे?"

त्याला हो म्हणावंसं वाटलं. "नाही. बरेच विझलेत."

"आणि माझा कंदील?"

"मिणमिणतोय. म्हातारी विचारतेय, इथेच बसतेस की खाली उतरतेस?"

लेकीने थोडा विचार केला आणि उतरायचं ठरवलं. अर्ध्या वाटेत कंदील विझला. पडदा काळाठिक्कर झाला. नुसती पावलं ऐकू येत होती. स्वयंपाकघरातली भांडीही एव्हाना गप्प झाली होती.

"आता काय दिसतंय, बाबा?"

त्याने पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"काहीच नाही."

"मलाही," ती म्हणाली. बटणावरचा अंगठा तिने उचलला नाही. पावलं वाजत राहिली.