झेंडूचा रंग

फॉइलवरची एक सुरकुती काही केल्या बसत नाही. लॅबचा शिपाई शालिकराम अंगठ्याने दाबतो, ती परत उठते... आतल्या कुपीत झेंडूचा रंग आहे. पातूरला भावाच्या मळ्यातून पोतंभर फुलं त्यानेच आणली होती, आणि लॅबमधल्या गीतांजलीने महिनाभर खपून त्यातून हा एवढासा, नखभर रंग काढला. उजेडात मरतो म्हणून फॉइल. आणि सकाळी लॅब उघडताना आपण काय केलं — तर गंमत म्हणून हीच फॉइल सोडून हळदीच्या पाण्याच्या कुपीला गुंडाळली आणि खरी कुपी खिडकीत ठेवली. उघडी.

"काका, हळद?" केवढी हसली ती! सगळी लॅब हसली. खरी कुठाय विचारलं, तर हसण्याच्या भरात तो म्हणाला, "फ्रीजात." आणि विसरला. खिडकीत ऊन आलं. दोन तास. आठवलं तेव्हा धावत येऊन त्याने फॉइल परत गुंडाळली.

रंग फिका पडलाय... थोडासाच.

तिनेच सांगितलं होतं — आमी चरबीची खोटी पेशी बनवतो काका, तिची भिंत म्हणजे सायीचे दोन थर, लेचीपेची, आतलं बाहेर गळते. हा रंग दोन्ही थरांत आरपार उभा राह्यते, खिळ्यावानी. मंग भिंत घट्ट. उद्या सरांना हेच दाखवायचंय. नाही दाखवलं तर गावी, हिवरखेडला परत, लग्न — घरच्यांनी तसं ठरवूनच ठेवलंय.

ती आली, हात पुढे केला.

"पोरी, रंग उन्हात राह्यला. माह्या हातून."

"एका दिवसात दोन गमती नाही हां काका!"

"नाही वं, खरं सांगून राह्यलो."

"सरांच्या गाडीत साप निंगाला, तेही खरंच होतं ना?" कुपी घेऊन ती आत गेली, अंधारखोलीत.

...अकोल्याला, मुलाला, किशोरला लावलेला तो फोन. तुही माय पडली रे, बोलत नाही. आणि पलीकडे हसू — "बाबा, मागच्या खेपेले तर तुमीच पडले होते." चौथ्या फोनला आला तो. त्याच्या आईने, दुर्गाने तेवढी वाट पाहिली नाही. आता किशोरचा फोन येत नाही, आणि आला असता तर मी काय बोललो असतो — एखादा चुटकाच ना? मले दुसरं येते काय?

दाराच्या फटीतून लाल उजेड. ती रंग मिसळत असेल. आकडे चुकतील, आणि ती म्हणेल, माहाच हात खराब.

कपाटाच्या काचेत त्याचा चेहरा हसतोय. तो हसत नाहीये, पण चेहरा हसतोय — इतक्या वर्षांनी तसाच आखडलाय. मघाशी खरं सांगतानाही असाच होता काय?

त्याने दारावर टकटक केली.

"आता काय काका?" आतून आवाज आला, आधीच हसरा.

त्याने अंगठ्याने ओठांचे कोपरे खाली दाबले, आणि धरून ठेवले.