वाट खुली करून द्यावी

"तीर्थ घेतलंस? गेट काढायला गेलीस आन् तीर्थ घेऊन आलीस?"

सुमनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. उमाबाई ओशाळून हसल्या.

"मग काय करू गं? स्वामीजी बसलेले. त्यांच्याकडं पाठ फिरवून यायचं व्हय?"

"आन् कोर्टाचा बेलीफ काय करत होता?"

"त्यांनी माझ्या आधी घेतलं."

सुमनबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, आणि मग उमाबाईही हसायला लागल्या. हसता हसता गुडघा चोळत होत्या, ते मात्र सुमनबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

झालं होतं असं. उमाबाईंच्या शेताची वाट गावाच्या कडेने, चुलत दीर मृत्युंजयरावांच्या जागेतून जाते. मृत्युंजयरावांचा तुरी-सोयाबीनचा व्यापार वाढला, पत्र्याचं शेड झालं आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी गेट आलं. उमाबाईंचे मालक शिवप्पा रेणापूरच्या कोर्टात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. 'वाट खुली करून द्यावी' हे हुकूमनाम्यातलं वाक्य शिवप्पा येईल त्याला म्हणून दाखवत, जसा काही अभंगच. "जिवंतपणी न्हाई तर न्हाई," ते हसून म्हणायचे, "पर शेवटी तरी सरळ जाईन."

तेही जमलं नाही. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून शेतातल्या समाधीकडे नेलं, तेव्हा ते विमान ओढ्याच्या लांबच्या वळशानेच गेलं. खांदेकरी खांदे बदलून बदलून थकले.

तेव्हापासून उमाबाईंचा एक नियम होता. सकाळी अंघोळ, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, मग अंगणातल्या बेलाची पानं तोडून धुवायची, लोटा भरायचा आणि समाधीवर बेल वाहायचा. त्यानंतरच तोंडात पाण्याचा थेंब. वळशाने जाता जाता पानं वाळून जात. तिथे पोचल्यावर लोट्यातलं पाणी शिंपडून त्या ती पुन्हा ओली करत. इतकी वर्षं यात खंड नव्हता. आता मात्र लातूरच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, "आजी, चालणं कमी करा." नात शिवानी म्हणाली, "आज्जे, फोटोला वाहा की बेल." उमाबाई बेल धूत राहिल्या. ओढ्याचा चढ आणखी एक उन्हाळा निभेल की नाही, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. वाट मिळाली नाही तर नियम मोडणार, एवढं साधं होतं ते.

आणि बेलीफ हणमंतराव यायचे तेव्हा दरवेळी काहीतरी आडवं यायचं. बहुतेक वेळा पोलीस बंदोबस्तच नसायचा. या खेपेला एक हवालदार मिळाला, तर मृत्युंजयरावांनी गेटसमोर पाट मांडून मठातल्या सिद्धय्या स्वामींची पाद्यपूजा चालवलेली. पितळी परातीत स्वामींचे पाय, त्यावर बेल-फुलं. हणमंतरावही लिंगायतच. त्यांनी चपला काढल्या, डोकं टेकलं, तीर्थ घेतलं. मागून हवालदाराने घेतलं. उमाबाईंनी घेतलं. मृत्युंजयराव अगदी अदबीने म्हणाले, "वहिनी, आल्यासारखं चहा घेऊन जावा." पंचनाम्यात लिहिलं गेलं की जागेवर धार्मिक कार्यक्रम चालू असल्याने कार्यवाही होऊ शकली नाही.

"आता माझं ऐक," सुमनबाई म्हणाल्या. "मानवी हक्क आयोगाकडं तक्रार टाकू."

सुमनबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. शिवप्पांना सुया टोचायला यायच्या, तेव्हापासूनची ही मैत्री. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून त्या बुद्ध विहारात अष्टशीलाचं व्रत पाळत, सोमवारी उमाबाईंचा उपास. चहा मात्र दोघींचा रोजचा.

"ते तुरुंगातल्या लोकांसाठी असतंय न्हवं?"

"तू माणूस हायस का न्हाईस?"

"हाय की."

"मग झालं."

"पर सुमन, भाऊजींवर तक्रार करायची म्हंजी..."

"त्याच्यावर न्हाई गं! त्याचा निवाडा कोर्टानं केलाय. तक्रार बंदोबस्त न देणाऱ्यांवर. कोर्टानं वाढलं आन् ताट तुझ्यापतुर आलंच न्हाई, तर तू जेवलीस म्हणायचं का?"

हे उमाबाईंना पटलं. दासोहात, मठातल्या अन्नदानात, जन्म गेलेल्या बाईला ताटाची भाषा लगेच कळते. पण मजकूर लिहिताना त्यांनी एक वाक्य घालायलाच लावलं : 'आमचा मृत्युंजयरावांवर राग नाही.'

"अगं, ही तक्रार हाय, लग्नपत्रिका न्हाई," सुमनबाई कुरकुरल्या. पण वाक्य राहिलं.

आयोगाने जिल्ह्याकडे खुलासा मागवला, की दिवाणी कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी का होत नाही? आणि काय नवल, ज्या कचेरीत 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच ऐकायला मिळे, तिथे उमाबाईंना खुर्ची मिळाली, वर पंखाही लागला. तारीख ठरली. सोमवार. बंदोबस्त पक्का.

आदल्या दिवशी दुपारीच कळलं की मृत्युंजयरावांनी पुन्हा स्वामींना सांगावा धाडलाय.

संध्याकाळी उमाबाई मठात गेल्या. सिद्धय्या स्वामी ओट्यावर बसले होते.

"उद्या मृत्युंजयाकडं पाद्यपूजा हाय, उमाबाई."

"ठाव हाय, स्वामीजी. ती सोडून या असं मी कशी म्हणू? तिकडचं आटोपलं की आमच्या मालकांच्या समाधीवर या. गव्हाची गोड हुग्गी करते. तुम्ही जेवल्याबिगर मी उपास सोडणार न्हाई."

स्वामींनी मान वर करून पाहिलं. "समाधीवर?"

"हाव."

"येतो," ते म्हणाले, आणि मिशीत हसले.

सोमवारचा बेल उमाबाईंनी सकाळीच वळशाने जाऊन वाहिला. नियम काही निकालावर सोडता येत नाही. मग हुग्गीचं पातेलं शिवानीच्या हाती देऊन त्या गेटपाशी आल्या. पोलिसांची गाडी उभी होती, जेसीबी घरघरत होतं आणि गेटसमोर, पाटावर, स्वामी. हणमंतराव चपला काढून बाजूला उभे. सुमनबाईंनी कपाळाला हात लावला.

आरती झाली. तीर्थ झालं. उमाबाईंनीही घेतलं. मग स्वामी उठले, पाय पुसले, पायात खडावा घातल्या आणि गेटकडे तोंड करून उभे राहिले.

"चल, मृत्युंजया. शिवप्पाच्या समाधीवर प्रसादाला जायचंय मला."

मृत्युंजयराव गडबडले. "गाडी काढतो की, स्वामीजी. ओढ्यावरून असं आलो बगा..."

"आताच पूजलेस हे पाय," स्वामी शांतपणे म्हणाले. "आन् त्यांना वळसा घालायला लावतोस?"

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. मृत्युंजयरावांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा उमाबाईंनी पूजेतली समई उचलून पुढे केली. "तेल सोडा त्यात, भाऊजी."

कुलूप उघडलं.

हणमंतरावांनी घसा साफ केला. "मृत्युंजयराव, वाट स्वतःहून खुली करून दिली, असं लिहू का?"

मृत्युंजयरावांनी एकदा पोलिसांकडे पाहिलं, एकदा स्वामींकडे. "लिहा."

"कुलूप उघडलंय. गेट उभंच हाय!" सुमनबाई मागून ओरडल्या. "उद्या परत लावलं म्हंजी? मी पुन्हा तक्रार लिहीत बसू?"

मग गेट बिजागरीवरून उतरवलं गेलं. जेसीबीने ते इतक्या हलक्या हाताने शेडला टेकवलं, जसं पूजेचं सामानच.

"वहिनी," मृत्युंजयराव पुटपुटले, "स्वामींना फितवलं तुम्ही."

"जेवायला बोलावलं, भाऊजी. तुम्ही बी चला. हुग्गी लई झालीय."

ते आले. दोन वाट्या खाल्ल्या. सुमनबाईंनी तिसरी वाढली, "घ्या, आमचा राग न्हाई, तसं लिहूनच दिलंय," असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाई एकट्याच निघाल्या. हातात बेल, लोटा. नव्या उघड्या वाटेवर सोयाबीनचे सांडलेले दाणे चिमण्या टिपत होत्या. चालायला सुरुवात केली म्हणेपर्यंत समाधी आली.

सवयीने त्यांनी पानं ओली करायला लोटा कलता केला आणि थांबल्या. पानांवरून अजून पाणी ठिबकत होतं, घरच्या आडाचं.

त्यांनी बेल वाहिला. लोटा शेजारी ठेवून समाधीच्या दगडाला हात टेकून बसल्या. मागे वळून पाहिलं तर गेटच्या रिकाम्या झालेल्या जागेतून आपलं अंगण, बेलाचं झाड, दोरीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसत होतं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "इतकं जवळ होतात व्हय तुम्ही?"