मधे काही ठेवायचं नाही

काकासाहेबांनी जिन्यात कुणी नाही याची खात्री केली, गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि मोबाइल कानाशी धरून हळूच विचारलं,

"तुमच्याकडं जेवायला आलेल्या बाईनं स्वतःच वाढायला घेतलं, तर तुम्ही तिला अडवता का?"

पलीकडच्या हॉटेलवाल्यानं विचारलं,

"कुणाला वाढायला, सर?"

"आम्हालाच."

"आमच्याकडं वाढायला पोरं हायेत, सर."

"पोरं पुतण्याच्या लग्नातबी होती," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "त्यांच्या हातातली वरणाची बादली तिनं काढून घेतली. तुमच्या पोरांची काय तयारी आहे?"

फोन कट झाला. पाण्याच्या टाकीला टेकून बसलेल्या नातीनं, अपेक्षानं, विचारलं, "नापास?"

"नापास," काकासाहेब म्हणाले.

काकासाहेबांनी गंगापूर तालुक्यात उभा जन्म तिसरी-चौथीच्या वर्गांवर काढला होता. आता बजाजनगरात मुलाकडं राहत होते आणि सातवीतली नात हाच त्यांचा सगळा वर्ग होता. येत्या गुरुवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. सोन्याचं, साडीचं बायकोनं, म्हणजे द्वारकाबाईंनी, आधीच उडवून लावलं होतं. काकासाहेबांच्या मनात मात्र एकच होतं: एकदा तरी तिनं आपल्यासमोर बसून गरम जेवावं. पन्नास वर्षांत हे दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं उरकलं की द्वारकाबाई ओट्यापाशी उभ्यानं जेवत. पातेल्यात जे असेल ते आणि जसं असेल तसं.

घरी प्रयत्न करून झाला होता. "आज आधी तू बस," असं म्हणून त्यांनी बायकोला पाटावर बसवलंही होतं. द्वारकाबाई बसल्या. मग मिठासाठी उठल्या. मग लिंबासाठी. मग कुकर बंद करायला उठल्या, आणि कुकर तर त्या दिवशी लावलाच नव्हता.

म्हणून बाहेर जायचं ठरलं. पण बाहेर तरी काय? थाळीच्या हॉटेलात वरणाच्या बादलीचा धोका. बुफेत त्या सगळ्यांच्या ताटल्या भरून आणणार. पंजाबी हॉटेलात तर भाजीचा वाडगा टेबलाच्या मध्यावर येतो, म्हणजे आयतीच सोय.

"आबा, समजा," अपेक्षा म्हणाली. हे 'समजा' तिनं आजोबांकडूनच उचललं होतं. "समजा असं एक हॉटेल आहे, जिथं मुख्य शेफ स्वतः ताटली घेऊन येतो. प्रत्येकाला वेगळी. आणि ताटलीत असतंच एवढंसं. मग आजी काय वाढणार?"

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. परातीएवढी ताटली, तिच्या मधोमध लाडवाएवढं काहीतरी, वर दोन पानं.

काकासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "हे खाऊन उरलेलं नाही ना?"

"स्पॅनिश आहे, आबा. सिडकोत नवीन निघालंय."

काकासाहेबांनी फोटो पुन्हा नीट पाहिला. वाढण्याजोगं त्यात खरंच काही नव्हतं. "पास," ते म्हणाले.

फोन शेफनंच उचलला. तन्वीर त्याचं नाव. मूळचा शहागंजचा, स्पेनमधल्या स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काढून परत आलेला.

"या ना काका. आपल्याकडं छोट्या छोट्या प्लेटी मधी ठेवतो. सगळ्यांनी मिळून खायचं. तिकडची रीतच हाय तशी."

"मधे?" काकासाहेब टाकीवरून उठून उभे राहिले. "मधे काही ठेवायचं नाही. नीट ऐक, बाळ. पुन्हा सांगतो."

आणि त्यांनी वर्गात सांगावं तसं सावकाश, उदाहरणं देत, सगळं सांगितलं. बादलीपासून कुकरपर्यंत. तन्वीरनं मधे एकदाही तोडलं नाही.

"हौ काका, समजलं," शेवटी तो म्हणाला. "आमची अम्मीबी तशीच हाय."

गुरुवारी दिवेलागणीला तिघं रिक्षातून उतरले. मुलगा आणि सून दुसऱ्या पाळीला गेले होते. द्वारकाबाईंनी ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती आणि पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला होता. तो अपेक्षानं दारातच काढून घेतला.

काकासाहेबांनी बायकोला भिंतीकडच्या बाकावर बसवलं, टेबल तिच्याकडं ओढलं आणि बाहेर पडायच्या बाजूला अपेक्षाला बसवलं. आता उठायला वाटच नव्हती. ते समाधानानं समोर बसले.

आधी इवल्याशा ग्लासांत टोमॅटोचं लालभडक सार आलं. द्वारकाबाईंनी घोट घेतला.

"गार झालंय रे बाबा हे. दे इकडं, तापवून आणते."

"गारच असतं ते, मावशी," तन्वीर म्हणाला.

"गारच?" त्यांनी ग्लासाकडं आदरानं पाहिलं. "मग करणारणीला बरंय. घाई नाय."

मग बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा त्रिकोणी तुकडा आला. द्वारकाबाईंनी अर्धा मोडून खाल्ला. उरलेला अर्धा बाजूच्या रिकाम्या ताटलीत ठेवला आणि त्यावर वाटी पालथी घातली. भाजलेल्या मिरच्या आल्या; एक खाल्ली, एक वाटीखाली गेली. टोमॅटो चोळलेला पाव आला, त्याचंही तेच झालं.

तन्वीर दर वेळी नवी ताटली घेऊन येई, त्या पालथ्या वाटीकडं पाही आणि त्याचा चेहरा आणखी थोडा उतरे.

"आवडत नाय का?" शेवटी काकासाहेबांनी विचारलं.

"चांगलंय की."

"मग खा ना, गरम हाय तवर."

"खाईन."

हे 'खाईन' काकासाहेब पन्नास वर्षं ऐकत आले होते.

तेवढ्यात तन्वीर दोन्ही हातांत एक पसरट लोखंडी कढई घेऊन आला. आत केशरी भात, वाटाणे, ढोबळी मिरची, वर वाफ. ती त्यानं टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली.

काकासाहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"माफ करा काका. हा भात वेगळा नाय देता येत. कढईतूनच वाढून घेतात."

चमचा कढईत पडायच्या आतच द्वारकाबाईंच्या हातात होता. अपेक्षाला वाढलं, नवऱ्याला वाढलं. मग त्यांनी पालथी वाटी उचलली, साठवलेल्या अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांशेजारी चांगला दोन चमचे भात घातला आणि ती ताटली तन्वीरपुढं धरली.

"तू कवा जेवलास?"

हे कुणाला विचारलं, म्हणून तन्वीरनं मागं वळून पाहिलं. "मी? आमचं शेवटी असतं, मावशी. उभ्या उभ्या."

"मला ठावं हाय ते कसं असतं. मघाधरनं बघतीय. साऱ्यांना नेऊन देतोस, सवताच्या तोंडाला काय लावलं नाहीस. बस."

"शेफ बसत नाय, मावशी."

"का? पाय नायत का त्याला?"

शेजारच्या टेबलावरची माणसं पाहू लागली. तन्वीर खुर्चीच्या कडेवर टेकला आणि त्यानं आपल्याच हातचं ऑम्लेट तोंडात घातलं. चावता चावता थांबला.

"थंड झालं," तो म्हणाला.

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. "असंच लागतं ते."

कढईत आता फक्त बुडाला लागलेला भात उरला होता. द्वारकाबाईंनी ती आपल्याकडं ओढली. "हे मी खाते. टाकू नगंस. घरीबी मीच खाते बुडाचं."

"टाकू?" तन्वीर जवळजवळ उठलाच. "मावशी, तिकडं यासाठी भांडणं होतात! खाली मुद्दाम लागू द्यायचा असतो हा. खरा माल हाच हाय. मानाच्या माणसाला देतात."

द्वारकाबाई चमचा हातात धरून तशाच बसल्या. मग त्यांनी हळूच नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

"ऐकलं का? पन्नास वर्षं मानाचं मीच खाल्लं."

काकासाहेब उठले आणि हात लांब करून त्यांनी बायकोच्या हातातला चमचा धरला. तिनं तो लगेच सोडला नाही.

"अहो, सांडाल."

"सांडू दे."

त्यांनी आयुष्यात कधी भांडं खरवडलं नव्हतं. चमचा लोखंडावर किंचाळला. एक ढेकूळ पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलं, दुसरंही तिथंच पडलं. तिसरं मात्र द्वारकाबाईंच्या ताटलीत गेलं. तन्वीर छताकडं पाहत राहिला. अपेक्षानं हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

द्वारकाबाईंनी घास घेतला. तो त्यांच्या दाताखाली कुरकुरल्याचा आवाज टेबलापलीकडं ऐकू आला. त्यातून अजून वाफ येत होती.

"बसा की आता," त्या म्हणाल्या.

"आधी तू जेव."

काकासाहेब कढईचा कान फडक्यानं धरून उभेच राहिले. द्वारकाबाई सावकाश जेवल्या. मग वर न पाहता त्यांनी रिकामी ताटली नवऱ्याकडं सरकवली.

"आणखी वाढा," त्या म्हणाल्या. "अन् चमचा आडवा धरा."